मामांच्या फोटोतला कोट

नागपुरातल्या एका संग्रहालयात मी वस्तूंच्या मराठी पाट्या लिहितो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, तेही मामांमुळे. कळमेश्वरच्या शाळेत त्यांनीच माझं नाव घातलं होतं. मामा शेती करत आणि खडी गमतीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, बाईचं काम करत. नथीसाठी त्यांनी नाक टोचून घेतलं होतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे जपानी चित्रांचं प्रदर्शन आलं. लाकडी ठशांनी छापलेली, काबुकी नाटकातल्या नटांची चित्रं. फिकट निळ्या झग्यातला, हातात जपमाळ असलेला एक नट पाहून मी पाटी लिहिली : 'पुरोहिताच्या भूमिकेत'. प्रदर्शनासोबत आलेल्या बाईंनी ती खोडली. नट वारला की थोड्याच दिवसांत असं चित्र छापून विकत, म्हणाल्या. निळा पोशाख म्हणजे माणूस गेला.

"हा तर बायकांची कामं करायचा म्हणता. ते कसं कळायचं?" मी विचारलं.

त्यांनी त्याच्या कपाळावरचं जांभळं फडकं दाखवलं. त्या नटांची ती खूण. तेवढी चित्रकाराने ठेवली होती.

त्याच आठवड्यात मामा वारले. तेरवीसाठी मी त्यांचा नथ-लुगड्यातला फोटो मोठा करायला काढला. मामींनी तो हातातून घेतला. तेरवीला व्याही येणार होते.

"काहून गा, इवायाले हा दाखवू का? जिंदगीभर लुगडं नेसले ते. आता तरी कोट घालू दे त्याईले."

"मामी, गाव त्यांना ह्याच्यासाठीच ओळखते."

"ओळखते नं? मंग फोटो कायले पायजे?"

मी पासबुकातला फोटो घेऊन स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने मामांच्या मानेखाली काळा कोट आणि लाल टाय बसवला. गेलेल्यांसाठी त्याच्याकडे तो एकच कोट असावा. भिंतीवरच्या चौघांच्या अंगात तोच होता. नाकावरचं छिद्र मात्र त्याने पुसून टाकलं होतं.

"ते परत आणा," मी म्हणालो.

"डाग होता भाऊ. साफ केला."

"डाग नाही. नाक टोचलेलं आहे."

त्याने ते परत आणलं.

घरी मामींनी फोटोची काच पदराने पुसली. पुसता पुसता बोट नाकाशी थांबलं.

"हे दिसून राहिलं."

"काढायला सांगू का?"

"राहू दे," त्या म्हणाल्या. "टोचलं तवा हळद मीच लावली होती."