हार घातलेला सर्व्हर

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात फाइल सर्व्हर बाळ कर्णिक सांभाळतात. कारखान्यांची सगळी ड्रॉइंग्ज त्यात, दोन डिस्कवर सारखीच. एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दसऱ्याला बाळकाकांनी सर्व्हरला भक्तिभावाने झेंडूचा हार घातला, तो नेमका पंख्यावर. हवा अडली, सर्व्हर तापला आणि एक डिस्क गेली.

नवी बसवली. आता उरलेल्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरत होतं. मध्येच ती जुनीही गेली, तर सगळंच गेलं. बाळकाका घामाघूम होऊन उभे.

"काका, बसा की जरा!" ऑफिसातली हेमा म्हणाली.

"अगं, खुर्ची करकरते. हादरा बसेल तिला!"

अखेर सगळं उतरल्याचा हिरवा दिवा लागला. हेमाने एक ड्रॉइंग उघडून दाखवलं.

"पाहिलं," काका पुटपुटले. "आता ते बंद कर. पण हळूच हं."