हिरूबायचा अर्धा ओटा

हिरूबाय दवाखान्यात यायची ती लिंबाची फोड घेऊनच. बीपी तपासायला टेबलावर हात ठेवण्याआधी ती बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत लिंबू चोळून हात धुवायची, पदराला पुसायची आणि मगच आत यायची. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तुज्या मशीनला मावऱ्याचा वास लागंल शिस्टर. मंग मागून येनारी मॅडम नाक धरंल."

मावरं म्हणजे मासळी. मी तेव्हा वेसाव्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून नवीन होते. विक्रोळीहून यायचे. आमचं घर मालवणकडचं, मासळीशिवाय जेवण न होणारं. पण कोळीवाडा आतून कधी पाहिला नव्हता. तो मला हिरूबायने दाखवला. साठी उलटलेली, सडपातळ, ताठ चालायची. नवरा कधीच गेला होता. होडी मुलगा, नामदेव, सांभाळायचा. अंधेरीच्या मच्छी मार्केटात सासूकडून आलेला ओटा होता, आणि त्यावर ती चाळीस वर्षं बसत होती.

"आदी बस, मंग बोल," हे तिचं सगळ्यांना सांगणं. भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाला, रडत आलेल्या शेजारणीला, आणि एकदा आमच्या डॉक्टरांनासुद्धा. ते उभ्याउभ्याच तिला सुकट खाल्ल्याबद्दल रागावत होते. ते खरोखरच बसले. मग ती म्हणाली, "खाल्ली. खोटं कशाला बोलू?" खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. बोंबील कालचा असेल तर कालचा म्हणून सांगायची.

त्या वर्षी मे महिन्यात वादळाचा इशारा आला. होड्या परत बोलावल्या गेल्या, खाडीत नांगरल्या गेल्या. सकाळपासून वारा वाढत होता आणि दुपारपर्यंत घरांवरचे पत्रे उडायला लागले. पत्र्याने कापलेली माणसं दवाखान्यात येत होती, मी टाके घालायला मदत करत होते. मासळी वाळवायच्या बांबूच्या वलांड्या वाऱ्याने झोपवल्या होत्या, वाळत घातलेली सगळी मासळी चिखलात गेली होती. संध्याकाळी कोणीतरी सांगितलं की हिरूबायच्या शेजारचा दत्ता खाडीतून परतला नाही.

दत्ता तिशीचा. बायको सुगंधा, दोन वर्षांची मुलगी. चार दिवस शोधाशोध झाली. तो सापडला नाही.

आठवड्याने हिरूबाय आली. बीपी इतकं वाढलेलं की मी दोनदा मोजलं. मी काही विचारायच्या आत ती बोलायला लागली. वादळाच्या दिवशी नामदेव लग्नासाठी खाडीपलीकडे मढ गावात गेला होता आणि फेरीबोट बंद झाली होती. दत्ता आपली होडी पक्की करायला पगारातून, म्हणजे वल्ह्याच्या लहान होडीतून, निघाला तेव्हा हिरूबाय दारातच उभी होती. तिने त्याला हाक मारली, "आमच्या होरीचा दोर पन बगून ये रे." तो हो म्हणाला आणि गेला. पुढचं बाजूच्या होडीवरच्या माणसाने पाहिलं होतं. आपली होडी बांधून दत्ता परत फिरला होता. मग त्याने पगार वळवला आणि नामदेवच्या होडीला दुसरा दोर लावला. तेवढ्यात दोन सुटलेल्या होड्या त्याच्या अंगावर आल्या.

दत्ताची स्वतःची होडी खडकावर आपटून फुटली. त्याने नामदेवच्या होडीला लावलेला दोर मात्र टिकला. होडीला ओरखडासुद्धा नव्हता.

"मी हाक मारली नसती तर तो घरी असता," ती म्हणाली. "मना हे तिला सांगाया पायजे."

मी तिला थांब म्हटलं. सुगंधाची अवस्था बघ, थोडे दिवस जाऊ देत, असं समजावलं. मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. तिने माझं ऐकून घेतलं, उठली, आणि त्याच दिवशी जाऊन सुगंधाला सगळं सांगून आली. सुगंधाने दार लावून घेतलं.

पुढचे महिने सुगंधाचे फार वाईट गेले. माणूस सापडला नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कोणतंच काम पुढे सरकेना. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, पण हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे बायकांना कळत नव्हतं. ती चार घरी भांडी घासायला लागली. हिरूबायने पाठवलेलं कालवण तिच्या उंबऱ्यावरून तसंच परत यायचं.

मग हिरूबायने वेगळंच केलं. मार्केटात ती ओट्याच्या अर्ध्याच भागावर बसायला लागली. उरलेला अर्धा रोज धुऊन मोकळा ठेवायची. सण आला, गर्दी झाली, तरी तिथे टोपली ठेवू द्यायची नाही. सून संतापली. घरची होडी घरात आहे तर ओटाही घरातच राहायला हवा, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते काही अगदी चूक नव्हतं. नामदेव महिनाभर आईशी बोलला नाही. अर्धा ओटा तुझा, येऊन बस, असा निरोप सुगंधाला गेला होता. ती फिरकली नाही.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी सुगंधा मांदेलीची टोपली घेऊन मार्केटात आली. हिरूबायकडे न बघता त्या मोकळ्या जागेवर बसली. हिरूबाय मला नंतर सांगत होती, की तिला सुगंधाशी बोलायचं धाडसच झालं नाही. नुसता आपल्याकडचा बर्फ तिच्याकडे सरकवला.

अडीच वर्षं त्या दोघी तशा बसल्या. बोलणं मासळीपुरतं. मी जायचे तेव्हा दोघींकडून थोडं थोडं घ्यायचे. मग हिरूबायने नामदेवला सोबत नेऊन सगळा ओटा सुगंधाच्या नावे लिहून दिला. नामदेव सहीला कसा तयार झाला, हे मी विचारलं नाही.

गेल्या थंडीत हिरूबाय गेली. झोपेतच गेली. अंत्ययात्रेला सगळा कोळीवाडा होता. सुगंधा मागच्या बायकांत उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

पंधरा दिवसांनी मी मार्केटात गेले. सुगंधाने बोंबील साफ करून दिले. निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "हिरूबायवरचा राग गेला का गं?"

तिने सुरी पाण्यात बुडवली, पुसली.

"नाय गेला," ती म्हणाली. "पन शिस्टर, तो गेला त्या दिवशी शेवटचा कोनाशी बोलला, तर तिच्याशी. त्याचा आवाज कसा होता, हसत गेला का घाईत गेला, हे तिला आज विचारीन, उद्या विचारीन, असं मी रोज मनात म्हनायची. ती बाजूलाच बसायची ना. आता कोनाला विचारू?"