एर्मेलिंदाचा फोन बोलेना

चोलोमा शहराच्या वरच्या वस्तीत एर्मेलिंदा सुनिगाची खिडकी कुणीही दाखवील. दुकान म्हणायचं तर ती खिडकीच. लोखंडी गजांच्या आत ती, बाहेर गिऱ्हाईक. गजांतनं बालेआदा द्यायच्या, म्हणजे मैद्याची जाड पोळी आणि आत रगडलेला राजमा, आणि गजांतनंच दोन शिव्याही द्यायच्या. बाई मूळची सांता बार्बाराच्या डोंगरातली, कॉफी खुडत वाढलेली. नवरा भांडणात मेला तेव्हा ती रडली का नाही, कुणाला ठाऊक नाही, कारण दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी होती. अशा बाईला भ्यालेली बघायची वस्तीला सवय नव्हती.

त्या दिवशी मात्र ती भर दुपारी खिडकी लावून, कमरेचा पिठाचा फडका न सोडता, बाजारात सुयापाच्या टपरीवर आली. सुयापा फोनची कव्हरं विकायची आणि फोनही दुरुस्त करायची; एर्मेलिंदाला मानानं 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणायची.

"हे बघ आधी. मेलंय मुडदं."

"दोन्या लिंदा, दम तर घ्या. पडला का पाण्यात?"

"न्हाई गं. बघ की काय म्हणतंय ते!"

पडद्यावर एक करडी चौकट आली होती: फोन सतत बंद पडत आहे. सुयापानं ती घालवली. ती पुन्हा आली. पुन्हा घालवली, पुन्हा आली, हाकललेल्या माशीसारखी.

"बाकी सगळं चालतंय. नुसतं बोलायचंच बंद पडलंय," सुयापा म्हणाली. "ठेवून जावा. उद्या देते."

"उद्या न्हाई. आत्ता."

एर्मेलिंदानं फोन पुन्हा तिच्यापुढं सरकवला तशी सुयापानं वर बघितलं आणि हातातला दुसऱ्याचा फोन बाजूला ठेवला.

गोष्ट अशी होती. एर्मेलिंदाचा एकुलता पोरगा, ओस्मान, उत्तरेला निघालेला. वाटेत नदीपाशी त्याचा फोन लुटला. पाठ असलेला नंबर एकच, आईचा. काल मेक्सिकोतल्या एका फादरच्या आसऱ्यातनं, कुणाचा तरी फोन मागून, तो बोलला होता: "उद्या दुपारी डावऱ्याच्या ट्रकनं निघणार. निघताना फोन करतो." डावरा हे पैसे घेऊन माणसं सीमेपार नेणाऱ्या एका दलालाचं टोपणनाव. आणि आज सकाळी शेजारची नोल्विया गजांना धरून रडली. तिचा भाऊ याच डावऱ्याच्या ट्रकमधनं गेला होता. डावऱ्यानं सगळ्यांना भलत्याच लोकांच्या हवाली केलं, आता ते लोक त्याला कोंडून घरी पैशांसाठी फोन करतायत. तेव्हापासनं एर्मेलिंदाच्या डोक्यात एकच गोष्ट होती. ओस्मानला सांगायचं, त्या ट्रकात चढू नको. कालचा नंबर नोल्वियाच्या फोनावरनं लावला तर तो बंद; सांगायची संधी एकच, त्याचा फोन. आणि इथं हे यंत्र तोंड उघडेना.

सुयापानं फोन बंद करून चालू केला. चौकट. सेटिंगमध्ये शिरून फोनच्या ॲपची साठलेली घाण पुसली. चौकट. मग त्या ॲपला नंतर जे काही चिकटलं होतं ते सगळं उतरवून मूळचं रूप दिलं. आकडे दिसले. एर्मेलिंदानं छातीवर क्रूस काढला, तोवर चौकट हजर.

"पार कोरा करू का? सगळं पुसून निघंल, पण..."

"किती येळ?"

"लागंल थोडा."

"मग नको. तेवढ्यात त्याचा आला तर?"

तिचे डोळे फोनवरनं हलत नव्हते.

"बरं, मग असं करू," सुयापा बटण दाबून धरत म्हणाली. "ह्याला फकस्त घरच्या माणसांसंगं उठवते. बाहेरनं आणून घातलेलं सगळं झोपून राहील."

फोन उठला. कोपऱ्यात 'सेफ मोड' अशी अक्षरं होती. आकडे आले. राहिले. दोघींनी वाट बघितली. चौकट आली नाही. एर्मेलिंदानं फोन जवळजवळ हिसकावून घेतला आणि कालच्या नंबरावर लावला. पलीकडनं बाई सांगत राहिली, हा फोन बंद आहे.

"म्हंजे घरच्यांचा दोष न्हाई," सुयापा म्हणाली. "पाव्हण्यांपैकी कुणीतरी हाय. काल काय घातलं ह्यात?"

"काय न्हाई."

"दोन्या..."

"न्हाई म्हटलं ना!"

सुयापा यादी खाली सरकवत गेली आणि थांबली. नाव नसलेली, ढालीचं चित्र असलेली एक ॲप होती. "मग ही कुठली? ही काय ॲपच्या दुकानातनं आलेली न्हाई."

एर्मेलिंदानं नजर चुकवली. काल संध्याकाळी फोनवर तो आवाज पुन्हा आला होता. पोरांना आपल्या कामाला जुंपणाऱ्या टोळीतला. 'पोरगं कुठं लपवलंस?' एवढंच विचारून ठेवून दिला. ओस्मान पळाला तो त्याच आवाजाला भिऊन. मग प्रार्थनाघरातल्या रेयनाबाईनं आपल्या फोनातनं हिच्या फोनात ही ढाल घातली. वाईट माणसाचा फोन येऊच देत नाही म्हणाली, सगळ्या गल्लीनं घेतलीय. आणि बजावलं होतं, बाजारात बोलू नको, टोळीचे कान फोनच्या टपऱ्यांतच असतात.

आता समोर टपरीच होती. सुयापाचे कान कुणाचे, कोण जाणे. पण दुपार कलत होती.

"रेयनाबाईनं दिलीय," ती पुटपुटली. "वाईट माणसं अडवती म्हणं."

"ढालीला काय कपाळ वाचता येतंय व्हय? फोनच्या वहीत नाव न्हाई असा हरेक नंबर अडवती ही. आन् अडवताना फोनचाच गळा धरती."

"म्हंजे माझ्या पोराचा..."

"कुणाचाबी."

एर्मेलिंदा स्टुलावर बसली. सुयापा ढाल काढायला गेली, तर ती निघेना. "घरात घेताना मालकीणच करून ठेवलीय तुम्ही हिला. आधी तो मान काढाया हवा." तिनं तो काढला. शेवटच्या बटणावर बोट ठेवून थांबली. "काढली की त्योबी फोन करू शकंल. मागनं मला बोलू नगा."

"त्यो कोण?" एर्मेलिंदा एकदम ताठ झाली.

सुयापानं रस्त्याकडं बघून आवाज उतरवला. "मलाबी टोळीवाल्यांचा येतो की. कुणाला येत न्हाई?"

"काढ," एर्मेलिंदा म्हणाली.

ढाल गेली. फोन साधाच उठला, पडदा स्वच्छ राहिला. सुयापानं तो उगाच फडक्यानं पुसला, आणि पुसता पुसताच तो वाजला.

नाव नव्हतं. नुसता आकडा.

आमच्याकडं अनोळखी फोन उचलला तर आपण आधी बोलत नाही. पलीकडचा बोलेतोवर श्वाससुद्धा दाबायचा. आवाज दिला की माणूस सापडला. एर्मेलिंदानं फोन कानाला लावला आणि गप्प राहिली. पलीकडंही गप्प. लांबनं इंजिनाची घरघर आणि कुणाचं तरी ओरडणं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, ही रीत ओस्मानला शिकवली कुणी, तर आपणच, कान पिळून. तो असला तर ठेवून देईल. नसला, आणि आपण नाव घेतलं, तर पोरगं जित्तं आहे आणि फोन करतंय हे टोळीला आयतं कळेल.

घरघर वाढली.

"ओस्मान?" ती म्हणाली. सुयापानं डोळे मिटले.

मग, "आई? मला वाटलं तुझ्या फोनवर टोळीवालेच हायत. ऐक, निघालोय, सगळी चढली..."

"चढू नको!"

"काय?"

"त्यानं नोल्वियाच्या भावाला इकलं. चढू नको म्हणते ना!"

"आगं, त्यो हाका मारतोय. ज्याचा फोन हाय त्योबी चढतोय..."

"त्याला म्हण आईला झटका आलाय. म्हण मरायला टेकलीय. काहीबी म्हण, पण फोन सोडू नको, माझ्याशी बोल." आणि ती बोलत सुटली. राजमा करपल्याचं, कुत्री व्याल्याचं, त्याच्या बापाच्या अक्कलशून्यपणाचं, डावऱ्याच्या सात पिढ्यांचं. श्वास घेतला तर पोरगं निसटेल अशी बोलत राहिली. पलीकडं शिव्या ऐकू आल्या, कुणीतरी फोन मागत होतं, पत्र्यावर हात आपटला. घरघर चढली, सरकली, लांब गेली.

"ओस्मान?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओस्मान!"

"हाय की," तो चिडून म्हणाला. "गेला ट्रक, फोनवाल्यासकट. माझी पिशवीबी घेऊन गेला. आता कुटं जाऊ मी?"

एर्मेलिंदा फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून उभी राहिली. "आधी रस्त्यावरनं आत हो," ती म्हणाली, "भिंतीकडं."