उत्तरसूचीतलं सातवं उत्तर

मी त्या शाळेत बाईंना सुधारायला गेलो होतो.

सणसरच्या पुढं उसातून कच्च्या रस्त्यानं गेलं की ती वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा लागते. जीपमधून उतरताना माझ्या काखेत फाइल होती आणि चेहऱ्यावर सुधारकाचं तेज. फाइलमध्ये केंद्रातल्या पंधरा शाळांचा तिसरीच्या गणिताचा निकाल होता. चौदा शाळा नव्वद टक्क्यांच्या वर. ही एकटी बावन्नवर. तिथल्या तिसरीच्या बाईंच्या नावापुढं मीच लिहिलं होतं, ‘अध्यापन अप्रभावी. प्रशासकीय बदलीचा विचार व्हावा.’ हा शेरा वर गेला आणि वरच्यांनी खरंच विचार केला. बदली वेल्ह्याला, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरात. सोमवारी इंदापुरात बैठक होती, त्यात प्रस्ताव मंजूर होणार होता. त्याआधी ‘प्रत्यक्ष भेट देऊन मार्गदर्शन केले’ असं कागदावर यायला हवं, म्हणून मी शुक्रवारी हजर झालो.

आधी माझी नोकरी काय होती ते सांगतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक संस्था असावी असं सरकारनं ठरवलं होतं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला सगळे डाएट म्हणत. तिथं मी अधिव्याख्याता. बारामती आणि इंदापूर हे तालुके माझ्याकडे. कामं दोन. एक, शिक्षकांना शिकवणं. दोन, त्यानं शाळेत काही फरक पडतो का ते बघणं. पहिलं काम मला फार आवडायचं, कारण शिक्षक समोर बसून माना डोलवत. दुसऱ्या कामात कोणी मान डोलवत नाही.

त्या वर्षांत ‘किमान अध्ययन क्षमता’ हा शब्द जोरात होता. अर्थ सोपा. तिसरीतल्या पोराला निदान एवढं तरी आलंच पाहिजे, अशी यादी. त्या यादीवरून मी गणिताची चाचणी काढली. प्रश्नही माझे, उत्तरसूचीही माझी. जीप आठवड्यातून एकदाच मिळायची, म्हणून पाकिटं आठ दिवस आधीच केंद्रावर पोचवली. गुरुजींना त्याच दिवशी पेपर तपासता यावेत म्हणून उत्तरसूचीही त्याच पाकिटात घातली. या दूरदृष्टीबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

तर, तिसरीच्या वर्गात गेलो. बाई तिशीच्या, शांत. मी म्हणालो, “तुम्ही बसा. हातच्याची वजाबाकी कशी शिकवायची ते मी दाखवतो.” आणि चाचणीतलं सातवं गणित फळ्यावर घातलं. ट्रॉलीत उसाच्या ३०५ मोळ्या होत्या. १२७ उतरवल्या. किती उरल्या?

वैशाली नावाची मुलगी उठली. खडू घेतला, जरा थांबली, उत्तर लिहिलं. १७८.

मी फाइलमधल्या सूचीत बघितलं. १८८.

“चूक,” मी म्हणालो. “परत कर.”

तिनं पुसलं, परत केलं. परत १७८.

“हातचा घेतलास का बाळ?”

“घेतला की. शून्याकडं काय नव्हतंच, म्हणून शंभराकडनं घेतला.”

“मग कुठंतरी विसरलीस. नीट बघ.”

वर्ग माझ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. बाई हळूच म्हणाल्या, “सर, काड्या मांडू का?”

त्यांनी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले. शंभराचे, दहाचे, थोड्या सुट्या. पोरं फरशीवर बसली. शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक केले, त्यातला एक दशक सोडून दहा सुट्या केल्या. त्या दशकांतून एक कमी झाला, हे सगळ्या पोरांना दिसत होतं. एकशे सत्तावीस काड्या बाजूला काढल्या. उरलेल्या मोजल्या. मीही मोजत होतो, एकशे अठ्ठ्याऐंशीच्या आशेनं. एकशे अठ्ठ्याहत्तरच्या पुढं काडी नव्हती.

दशकाकडचा एक द्यायचा आणि कमी करायला विसरायचं, ही तिसरीतल्या पोरांची नेहमीची चूक. तिच्यावर मी बारामतीत दीड तास व्याख्यान दिलं होतं. सूची मी एसटीत बसून काढली होती. पाटसच्या अलीकडे रस्ता खराब होता, असं मी पुढं बरेच दिवस सांगत असे.

“वैशाली, तुझं बरोबर आहे. सरांचं चुकलं,” मी म्हणालो. पोरांना याचा अजिबात धक्का बसला नाही, तेवढंच जरा लागलं.

बाहेर व्हरांड्यात बाईंनी निकालपत्रकाची कार्बन कॉपी दाखवली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘क्र. ७ चे उत्तर १७८ असावे असे वाटते. खात्री व्हावी.’ मूळ प्रत माझ्याच फाइलीत होती. मी फक्त एकूण गुणांचा रकाना वाचला होता.

“बाकी कुठल्या शाळेनं कसं कळवलं नाही?” मी विचारलं.

“मला काय माहीत सर.” त्या काड्या बांधत होत्या. “पाकीट आठ दिवस आधी आलं होतं. मी पेपरच्या दिवशी फोडलं.”

मग म्हणाल्या, “वेल्ह्याची ऑर्डर कधी निघेल? यजमान कारखान्यात आहेत, ते काही यायचे नाहीत. धाकटी दीड वर्षाची आहे. आधी कळलं तर बरं, सासूबाईंशी बोलावं लागेल.”

त्यांनी मला दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं. मी जीपमध्ये बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, केंद्रावर चल.

केंद्रप्रमुख म्हणजे पंधरा शाळांवर देखरेख ठेवणारा माणूस. आमच्या केंद्रप्रमुखांना सगळे तात्या म्हणत. कुठलं केंद्र ते विचारू नका. मी चौदा शाळांच्या पेपरांचे गठ्ठे सोडले आणि सातवं गणित बघत गेलो. १८८. १८८. १८८. एका मुलाला तर त्याच्या आधीची साधी बेरीज आली नव्हती, पण खाली १८८ ठळक, दोनदा गिरवलेलं.

“तात्या, एवढी पोरं एकच चूक कशी करतात?”

“चूक कुठं हाय सायेब? तुमच्या सूचीपरमाणंच हाय की.”

“सूचीच चुकलीय. उत्तर एकशे अठ्ठ्याहत्तर.”

तात्यांनी कपाळाला हात लावला. “अगं आई. मग पोरान्ला परत पाठ करून घ्यावं लागंल.”

मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. आपण काय बोललो ते तात्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं.

“म्हंजी सायेब, वरनं तपासणी येनार म्हनल्यावर तयारी करून घ्यायची रीतच हाय. नवरी काय तशीच उभी करत्यात व्हय मांडवात?”

“आणि त्या वस्तीवरच्या बाई?”

“त्यास्नी म्या दोनदा सांगितलं. म्हनल्या, तात्या, मग कुनाला येत न्हाय ते मला कळनार कसं?” तात्या पेपर परत बांधू लागले. “बाई वंगाळ न्हाय हो. जरा हट्टी हाय.”

सोमवारी बैठकीआधी मी आमच्या प्राचार्यांना गाठलं. ते मोजून बोलणारे गृहस्थ.

“अहवाल वर गेलाय,” ते म्हणाले. “तुमच्या सहीनं. आलेखासकट.”

“तो चुकीचा आहे, सर.”

“कुठला भाग?”

“बावन्न टक्के सोडून सगळा.”

त्यांनी चष्मा पुसला. “तुम्हीच उभे राहून सांगा. मी सांगितलं तर तुम्हाला पाठीशी घातल्यासारखं दिसेल.” माझ्या मते त्यांना फक्त बघायची हौस होती.

उभा राहिलो. पाकिटं, सूची, सातवं गणित, सगळं सांगितलं. एक अधिकारी म्हणाले, “म्हणजे चौदा शाळांतल्या पोरांनी चूक केली?”

“पोरांनी नाही साहेब. चूक मी केली. त्यांच्याकडून फक्त उतरवून घेतली गेली.”

हशा झाला. तो संपल्यावर मी बदलीचा प्रस्ताव मागे घ्यायची विनंती केली. अधिकारी म्हणाले, फेरचाचणी घ्या, मग बघू. या वेळी पेपर मी स्वतः सकाळी घेऊन गेलो, आकडे बदलले आणि सूची खिशात ठेवली. खिशात घालण्याआधी दोघांकडून तपासून घेतली. बाईंची शाळा बावन्नच्या जरा वर राहिली. बाकी चौदा तिच्या खाली आल्या, काही तर बऱ्याच खाली. प्रस्ताव रद्द झाला.

पुढच्या महिन्यात केंद्रावर प्रशिक्षण ठेवलं. वजाबाकी बाईंनी घेतली, मी मागच्या बाकावर बसलो. गुरुजी मंडळी आधी हसत होती. मग काड्या हातात आल्या. दुपारी, निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, “शून्याला वलांडून हातचा आनायचा, हे आमालाच कधी नीट दिसलं न्हवतं. आमी आपलं, वरच्यानं सांगितलं तसं करत आलो.” तीन वर्षं मी त्यांना प्रशिक्षण देत होतो. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पंचाण्णव टक्केवाल्या शाळेत सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं, आणि शिकवण्यासारखंही.

त्या वर्षी माझ्या दोन्ही तालुक्यांचा निकाल साफ घसरला. गोपनीय अहवाल किती गोपनीय असतो हे सरकारी नोकरीत राहिलेल्यांना माहीत आहे. माझ्या अहवालात प्राचार्यांनी लिहिलं होतं, ‘काम विश्वासार्ह. गणितात सुधारणेस वाव आहे.’