नाना खाकरले की गाडी थांबायची

फोन गजाननचा होता. "साहेब, गाडी परत बंद पडली. तिथंच."

"लेडीज स्टाफ कुठंय?"

"खाली उतरलाय. परत चढायला तयार नाहीत."

मी बाईक काढली. दुपारची वेळ, लख्ख ऊन.

मी चाकणच्या कंपन्यांना स्टाफ बस पुरवणाऱ्या एका ट्रान्सपोर्टरकडे सुपरवायझर आहे. ही मिनीबस दापोडी आणि सांगवीच्या बायकांना वायरिंगच्या एका कंपनीत न्यायची आणि फर्स्ट शिफ्ट सुटली की परत आणायची. चाकणहून येताना इंद्रायणीचा पूल ओलांडला की मोशीकडे चढ लागतो. गाडी त्या चढावर थांबायची. तिथून खाली नदीकाठी स्मशानाची पत्र्याची शेड दिसते. आमच्या दत्तूनानांना तिथंच अग्नी दिला होता.

नाना या बसचे आधीचे ड्रायव्हर. जवळच्याच वाडीतले, जुन्या शेतकरी घरातले. रविवारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या जागी मी गजाननला बसवलं. मुलगा परभणीचा, हात चांगला, दारू नाही, तंबाखू नाही.

डिझेल भरण्यावरून ड्रायव्हर ओळखता येतो. काहीजण काटा लाल रेघेला टेकून दिवा लागला तरी पुढच्या पंपावर बघू म्हणतात. काहीजण ठरलेल्या वारी टाकी फुल करतात, मग गाडी चाललेली असो वा नसो. नानांचं वेगळंच होतं. काटा अर्ध्यावर यायच्या आत ते पंपावर हजर. ऑफिसात सगळे त्यांची चेष्टा करायचे. ते नुसते हसायचे. गजानन मात्र दिवा लागेपर्यंत गाडी चालवणाऱ्यांपैकी.

मी पोहोचलो तेव्हा बायका रस्त्यापासून लांब, एका बाभळीच्या सावलीत उभ्या होत्या. रेखाताई पुढे आल्या. त्या कंपनीच्या लाइनवर माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टर आहेत, घाबरणाऱ्यातल्या नाहीत.

"शेलार, मागनं कंटेनर आला होता. त्यानं ब्रेक दाबला म्हणून आम्ही आहोत."

"गाडी एअर घेतेय ताई. डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली की इंजिन बंद पडतं. मेकॅनिकला दाखवतो."

"दोनदा दाखवलीत." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "बंद पडायच्या आधी नाना खाकरतात."

मला हसू आलं.

"हसू नका. स्टॉप जवळ आला की नाना घसा खाकरायचे, मग स्टॉपचं नाव घ्यायचे. आठवतंय ना? तस्संच. ड्रायव्हरच्या सीटखालून. मी एकटीनं नाही ऐकलं, सगळ्यांनी ऐकलंय."

मी गजाननकडे पाहिलं. तो टायरकडे बघत होता. "म्या पण ऐकलं साहेब," तो म्हणाला. "म्या नानांना कधी बघितलं बी नाही."

बायकांना दुसऱ्या गाडीनं पाठवलं. संध्याकाळी मालकांनी बोलावून घेतलं.

"कंपनीचा एचआर विचारतोय, तुमच्या बसमध्ये भूत आहे का. काय सांगू त्याला?"

"दोन दिवस द्या."

"दोन दिवसांत नाही जमलं तर तो रूट दुसऱ्याला देईल. आणि तो कंटेनरवाला दर वेळी ब्रेक दाबेल असं धरून चालू नकोस."

आमचे मेकॅनिक सलीमभाई. त्यांनी आतापर्यंत फिल्टर बदलला होता, बाहेरचे पाइप, वायसर सगळं नवं टाकलं होतं. त्यांनी परत सगळं तपासलं, टाकी फुल केली आणि त्याच चढावर चार फेऱ्या मारून आले. गाडी लोण्यासारखी चालली. "भाई, इसमें कुछ नहीं है," ते म्हणाले. मग हात पुसत म्हणाले, "नारळ फोडायचा तर फोडा." सलीमभाईंच्या तोंडून हे ऐकून मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं.

मी ठरवलं, आपणच बसायचं. बायकांना त्या रूटवर दुसरी गाडी दिली. ही मिनीबस चाकणमध्येच एका प्लँटमधून दुसऱ्यात माणसं सोडायला लावली, रात्रपाळीपासून सारख्या फेऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ते काम संपल्यावर गजानन आणि मी रिकामी बस घेऊन परत निघालो. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. काटा अर्ध्याच्या जरासा खाली होता. तेव्हा मी त्याकडे विशेष लक्ष दिलं नाही.

रिकामी बस फार आवाज करते. खिडक्यांच्या काचा, सीटचे नट, सगळं खडखडत असतं. पूल आला. गाड्या तुंबल्या होत्या, म्हणून आम्हीही हळू झालो. चढ सुरू झाला. डाव्या हाताला पत्र्याची शेड उन्हात चमकत होती.

आणि मग कुणीतरी खाकरलं.

मी खोटं सांगणार नाही. तो माणसाचाच आवाज वाटला. आधी लांब, घशात कफ अडकल्यासारखा. मग थांबून एक छोटा. नाना अगदी असेच करायचे. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बोला नाना."

गजाननचे ओठ मिटलेले होते, मी आरशात पाहिलं. इंजिननं दोन आचके दिले आणि बंद पडलं.

आम्ही मागे त्रिकोण लावला, फांद्या टाकल्या. गजानन लाइनमधली हवा काढायला बसला. मला तिथं उभं राहवेना. नानांचं घर शेताच्या बांधानं चालत जाण्याएवढं जवळ. गेलो.

नानांच्या पत्नी, आमच्या काकू, ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी चप्पल काढली. अजून काही बोललोही नव्हतो. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "चढावर थांबली का?"

मी ओसरीच्या कडेला टेकलो.

"तुम्हाला कोणी सांगितलं, काकू?"

"कोन सांगनार? ते असताना बी दोनदा थांबली व्हती. अर्ध्या पोटावर ती चढत न्हाई, असं म्हनायचे. म्हून आधीच भरून घ्यायचे." त्यांनी सुपातल्या शेंगा सारख्या केल्या. "खाकरती बी. मला हसून सांगायचे, माझी नक्कल करती गं."

"मग ऑफिसात का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असती तुमी. दुसरी गाडी, दुसरा रस्ता. त्यास्नी ह्याच रस्त्यानं जायचं व्हतं. दुपारी हितनं जाताना हॉर्न द्यायचे. बायास्नी सोडून येईस्तोवर मी ताट तयार ठिवायची."

मी धावतच परत आलो. तिथूनच सलीमभाईंना फोन केला. "भाई, आपण दर वेळी टाकी फुल करून ट्रायल घेतली. टाकी उघडा."

टाकीत वरून एक नळी खाली सोडलेली असते. इंजिन तिच्यातून डिझेल ओढतं, आपण स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो तसं. या नळीला मध्याच्या जरा खाली गंजून भोक पडलं होतं. टाकी अर्ध्याच्या वर असली की भोक डिझेलमध्ये बुडालेलं, काही त्रास नाही. डिझेल मध्यावर आलं आणि गाडी चढाला लागली, की टाकीतलं डिझेल मागे सरकायचं आणि भोक उघडं पडायचं. त्यातून हवा आत जाताना आवाज व्हायचा. टाकी ड्रायव्हरच्या सीटच्या मागेच, फळीखाली. स्ट्रॉला चीर गेली की रस ओढताना येतो, तसाच तो आवाज. सपाटीला भोक जेमतेम बुडालेलं राहायचं, म्हणून बहुतेक वेळा तोच चढ; आणि दर वेळी बंद पडली की सलीमभाई टाकी फुल करायचे, म्हणून काटा त्याखाली जायचाच नाही. एकदा ती भोसरीतही थांबली होती, पण ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. दिवा लागेपर्यंत न भरणारा ड्रायव्हर आला तेव्हा हे सगळं वर आलं, एवढंच.

नळी बदलली. काटा लाल रेघेवर असताना मी स्वतः त्या चढावरून गाडी काढली, दोनदा. ना आवाज, ना आचका. रूट वाचला. रेखाताई पहिल्या चढल्या आणि मुद्दाम ड्रायव्हरच्या मागे बसल्या. गजानन नोकरी सोडायचं म्हणत होता, तो राहिला. पण आता काटा अर्ध्यावर आला की तोही पंपावर जातो. दोष गेलाय रे, मी म्हटलं. "माहितीये साहेब," म्हणाला, आणि भरतच राहिला.

तेव्हापासून मी प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारतो. डिझेल कधी भरतोस, आणि का? ड्रायव्हरची सवय पुष्कळदा त्याची नसते, गाडीच्या दुखण्याची असते. ते दुखणं तो गेल्यावर आपल्याला कळतं.

मागच्या महिन्यात महाळुंग्याच्या रूटवरच्या एकाला विचारलं. तो म्हणाला, पाव टाकी राहिली की भरतो.

"का?"

"आधीच्यानं सांगितलं होतं."

"त्याला कुणी सांगितलं?"

"त्याच्या आधीच्यानं असेल."

गाडी त्याच दिवशी सलीमभाईंकडे लावली. टाकी खाली उतरवली, नळी काढली, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. काहीही सापडलं नाही.

तो अजून पाव टाकीवरच भरतो. मी अडवत नाही.