मानपाड्याच्या बाळूचं हृदय

माणसाचा संयम तपासण्यासाठी परमेश्वराने जी माणसं निर्माण केली, त्यांत माझ्या साडूंचा नंबर फार वरचा आहे. शिळफाट्यापलीकडच्या मानपाड्यात, छोट्याशा फ्लॅटमध्ये हे साडू म्हणजे अण्णा, माझी मोठी मेहुणी आणि बाळू राहतात. बाळू हा ग्रेट डेन जातीचा, वासराएवढा कुत्रा. तो नुसता वळला तरी टीपॉयवरचे कप जमिनीवर येतात आणि अण्णा टीपॉयला बोल लावतात. दरवर्षी बाळूच्या हृदयाची तपासणी असते, ती ठाण्याला. मी ठाण्याचा आणि गाडी माझी, त्यामुळे मी आधी मानपाड्याला जायचं आणि शिळफाट्याचं ट्रॅफिक खात, खांद्यावर बाळूची लाळ झेलत पुन्हा ठाण्याला यायचं. वर अण्णा म्हणणार, "तुमच्या गाडीत त्याला बरं वाटतं हो."

मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं हृदय आतल्या आत अशक्त होत जातं आणि वरून काही दिसत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही सांगेन. एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुठला कुत्रा?" ते म्हणाले, मांजर आहे. "मग तिच्या हृदयाचा इको केलात का?" त्या गृहस्थांनी जिलबी अर्धी टाकून हात धुतले.

यंदा डॉक्टरीणबाईंनी बाळूच्या छातीला ठोके टिपणारं एक यंत्र बांधून दिलं. दिवसरात्र राहू द्या, म्हणाल्या. अण्णांनी ही बोर्डाची परीक्षाच मानली. बेलची वायर काढली, कुकर बंद, भाजीवाल्याला खाली ओरडायची मनाई, बाळूचं फिरणंही रद्द. मेहुणी बिचारी पाव-बटर खाऊन कुजबुजत होती. बाळू दिवसभर घोरला.

"हा झोपूनच होता का?" बाईंनी रिपोर्ट बघून विचारलं.

"एकदम शांत ठेवला, मॅडम! रिपोर्ट चांगला यायला पाहिजे ना!"

"अहो, मला त्याचा रोजचा दिवस बघायचाय. पुन्हा करा."

पुन्हा म्हणजे पुन्हा मी आणि पुन्हा शिळफाटा! त्यासाठी महिनाभराने तारीख मिळाली. मी मेहुणीपाशी चिडचिड केली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाळूच्या आधीचा आमचा राजा असाच धडधाकट होता रे. यांची चप्पल तोंडात धरून दारात आला आणि तिथेच पडला. तेव्हापासून हे असे झालेत."

या वेळी कुकरने शिट्ट्या मारल्या, बाळू मैदानात मनसोक्त धावला आणि रिपोर्टमध्ये चुकलेले ठोके दिसले. इकोमध्येही हृदय जरासं अशक्त दिसलं. "लवकर कळलंय, गोळ्या सुरू करू," बाई म्हणाल्या. परतीच्या वाटेवर अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची बडबड बंद व्हावी म्हणून मी वर्षानुवर्षं तळमळलो होतो, आणि आता ती नसताना मला गाडी चालवणं नकोसं झालं.

घरी ते फरशीवर बसले आणि बाळूच्या छातीला कान लावला. "मी त्याला झोपवून नसता ठेवला तर महिनाभर आधी कळलं असतं," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तुम्ही ऐका जरा."

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी गुडघे मोडत खाली बसलो, त्या प्रचंड छातीला कान लावला. "छान चाललंय, अण्णा."

"नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो, आणि कान तिथेच ठेवला.