उडत्या माणसाच्या हातावरचा शिपाई

भिंगारच्या कँपात गोऱ्यांचे कपडे धुणारी झुंबरबाई परटीण म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. मडमेलासुद्धा ती सुनवायची, "तुमचा साबू निस्ता वासाचा."

लढाईच्या दिवसांत एका टॉमीच्या, म्हणजे गोऱ्या शिपायाच्या, खिशात तिला चित्रांचं पुस्तक सापडलं. परत द्यायला गेली तर त्याने हातानेच 'ठेव' म्हणून खुणावलं. अक्षरओळख नव्हती तिला, पण चित्रं बघायला शाळा कशाला लागते? पाठीला शेला बांधलेला एक माणूस आभाळातून उडायचा, रणगाडे भिरकावायचा आणि शेवटच्या पानावर एका शिपायाला दोन्ही हातांवर घेऊन ढगांतून निघायचा.

तिचा लेक सहादेव त्याच लढाईत इटलीला गेलेला. 'सापडत नाही' एवढाच निरोप पलटणीतून आला होता. दुपारी इस्त्री करताना सून पुष्पावती विचारायची, "आत्याबाई, शिपायाला कुठं नेतोय त्यो?"

"घरी. दुसरं कुठं?"

रोज सांगून सांगून झुंबरबाईलाही ते पटलं होतं.

लढाई संपली, सहादेव आला नाही. मिरजगावहून पुष्पावतीचा भाऊ आसाराम आला. जातीत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत असे. त्याने बहिणीसाठी बिजवरही पाहून ठेवला होता. पण विशीतली ती पोर जागची हलेना. "धनी येनार हाईत," एवढंच म्हणायची. झुंबरबाईला मनातून बरं वाटलं. सून गेली तर घरात बोलायला उरणार फक्त गाढवं. स्वार्थ कुणाला सुटलाय?

त्याच आठवड्यात कँपातल्या थेटरात उडत्या माणसाचा सिनेमा लागला. यंत्र चालवणाऱ्याचे कपडे तीच धुवायची. त्याने तिला मागच्या दाराने आत सोडलं. पुस्तकात आभाळातही न मावणारा तो गडी पडद्यावर पोट सुटलेला निघाला. विजारीला गुडघ्यावर चुण्या पडलेल्या. ह्याचा परीट कोण मेला, म्हणून ती हसलीसुद्धा.

मग तो शिपायाला उचलून निघाला. तेच चित्र, पण आता ते हलत होतं. शिपायाचा हात घसरला आणि पावलागणिक लोंबकळू लागला. झुंबरबाईने मेलेला सासरा उचलला होता, नवरा उचलला होता. जिवंत माणूस हात असा सोडत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पुढे त्या शिपायाच्या तोंडावर घोंगडी ओढली. ती उठून बाहेर आली.

घरी ओसरीवर आसाराम बसला होता. पुष्पावती दारातच उभी होती. "सिनेमात बी घरीच नेलं ना?"

एक 'व्हय' म्हटलं असतं तर सून जन्मभर राहिली असती. झुंबरबाईला ते लई म्हणावंसं वाटलं.

"नेलं. पर मेल्यावर नेलं."

"मंग पुस्तकात?"

"पुस्तकात हात हलत न्हाई, पोरी. म्हनून मला कळलं न्हाई. तू भावासंगं जा."

पुष्पावतीने पदराने कपाळावरचं कुंकू पुसलं आणि आत जाऊन आपल्या लुगड्यांचं बोचकं बांधलं.

ती गेल्यावर झुंबरबाईने पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. शिपायाचा हात होता तिथंच होता. तरी तिने त्यावर अंगठा दाबून धरला, हलू नये म्हणून.